भाजलेला चिखल

तापलेल्या सायलेन्सरवर ओला चिखल उडतो तेव्हा आधी चर्र असा आवाज होतो, मग पांढरी वाफ उठते, आणि ती वाफ विरता विरता एक वास येतो. पहिल्या पावसानंतर अंगणातून येतो तो वास हा नव्हे. तो सगळ्यांच्या वाटणीचा, त्याच्यावर लिहूनही पुष्कळ झालं आहे. हा त्याच्या पुढचा. माती भिजली, चाकाने ती उचलली, तापल्या लोखंडावर भिरकावली आणि तिथे ती भाजली, एवढं सगळं घडून गेल्यावरचा. त्यात करपलेलं गवत असतं, थोडं शेण, थोडं जुनं तेल, आणि सगळ्याच्या तळाशी भाजक्या विटेचा कोरडा, उबदार दरवळ. कनौजला मातीच्या भाजलेल्या चकत्या पाण्यात उकळतात आणि त्यांची वाफ चंदनतेलात धरून अत्तर करतात. एका स्नेह्याने आणलेली त्याची छोटी कुपी मी कितीदा तरी उघडून हुंगली आहे. सुंदर आहे ते अत्तर, आपोआप डोळे मिटावेत असं. पण त्यात लोखंड नाही, तेल नाही, आणि माझा मामा नाही.

मामा राजापूर तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, पण वाड्यावाड्यांवर त्याला सगळे डॉक्टरच म्हणत. मे महिन्याच्या सुट्टीत मी आजोळी जायचो आणि नेमके तेच दिवस मामाच्या धावपळीचे असायचे, कारण घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लशी पाऊस लागायच्या आत टोचून व्हाव्या लागतात. एकदा मृगाने धरलं की व्हाळ भरतात, वाटा तुटतात, आणि रोगही तेव्हाच उचल खातो. म्हणून पहाटेच थर्मासात बर्फ, बर्फात लशीच्या बाटल्या, थर्मास पिशवीत, पिशवी हॅण्डलला, आणि मी पुढे टाकीवर. गाडी राजदूत. फरीदाबादची एस्कॉर्ट्स कंपनी ती बनवत असे, पोलंडच्या एका गाडीच्या आराखड्यावरून घडवलेली, १७३ सीसीची, टू-स्ट्रोक. पेट्रोलबरोबर टाकीत ऑइल मापून घालावं लागे आणि मग मागे निळसर धुराची रेघ सोडत ती घरासमोरच्या घाटीच्या कडेकडेने वर चढे.

टाकीवर बसलं की पाय इंजिनाच्या दोन्ही अंगांना लोंबतात. मामा सारखा बजावत असे, "बाबू, पाय वर घे, पोळशील." मी गुडघे पोटाशी धरून बसायचो, आणि वळवाच्या सरीने नुकत्याच भिजलेल्या पाणंदीत गाडी शिरली की तो वास थेट माझ्या तळव्यांखालून वर यायचा, मामाच्या शर्टाच्या फिनेलच्या वासात मिसळायचा, आणि कुठल्याशा गोठ्याशी पोचेपर्यंत आमच्या सोबत राहायचा. चढावर राजदूत दमली की मामा ती फणसाच्या सावलीत उभी करी. इंजिन बंद झालं की एकदम रानाचं मौन कानात भरे, आणि मग त्या मौनात निवणारं लोखंड टिक टिक वाजू लागे, आधी भरभर, मग सावकाश. वास तेव्हा सगळ्यात गडद असे. मामा त्या वेळी बोलत नसे. मीही नसे.

किती काळ गेला त्या गोष्टीला!

आणि आता या वयात, कोल्हापुरात डांबरी रस्त्यांवर चांगली चाललेली एक स्कूटर दारात असताना, मी एका जुन्या गाडीपाशी घुटमळतो आहे. घ्यावी की घेऊ नये. घरात विचारलं तर उत्तर सरळ आहे. हिशेबाच्या वहीला विचारलं तरी सरळच आहे. वास तेवढा सरळ उत्तर देऊ देत नाही.

गाडी आहे आजऱ्याजवळच्या एका गावात. हीरो इम्पल्स, २०१२ ची पासिंग. तुमच्या पाहण्यात कदाचित आली नसेल. २०११ साली ती बाजारात आली तेव्हा आपल्याकडे अशी गाडी बनवण्याचं कुणाच्या फारसं मनात नव्हतं: रस्त्यावरही चालेल आणि रानातही, उंच, सडपातळ, पुढे १९ इंची चाक, रिमला आरे, मडगार्ड चाकापासून वर उचललेलं, सायलेन्सर कुशीशी उंच बांधलेला, म्हणजे पाण्यातून जाताना त्याचं तोंड बुडू नये. जमिनीपासून इंजिनाच्या पोटापर्यंत २४५ मिलिमीटर मोकळी जागा. ब्राझीलमध्ये होंडाची ब्रॉस म्हणून एक गाडी खेड्यापाड्यांत चालते, तिच्या घडणीवर ही बेतलेली. ब्राझीलच्या आतल्या मुलखातही माती तांबडी, रस्ते तांबडे. हे कळलं तेव्हा मला उगीचच बरं वाटलं, कोकणच्या जांभ्याची आणि तिकडच्या त्या कधी न पाहिलेल्या मातीची कुठेतरी सोयरीक जुळल्यासारखं. आपल्याकडे मात्र ती फार कुणी घेतली नाही. १५० सीसीच्या गाडीकडून लोकांना शहरातला वेग हवा होता, आणि हिचं सगळं बळ वेग सोडून दुसऱ्या गोष्टींसाठी होतं. काही वर्षांत ती बंद झाली. पुढे २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोचीच एक्सपल्स आली, तेव्हा लोकांना या जातीच्या गाडीची ओळख पटली. इम्पल्स थोडी आधी येऊन गेली होती.

तुम्ही म्हणाल, मग हिमालयनच का नाही? जुन्या हिमालयन आता पुष्कळ मिळतात. मिळतात, आणि दूरच्या प्रवासाला ती भरवशाची, ऐसपैस गाडी आहे. पण तिचं वजन दोनशे किलोंच्या जवळपास जातं. व्हाळातल्या गोट्यांवर ती आडवी झाली तर ती उचलायला दुसरा माणूस लागतो, आणि मी जिथे जाऊ पाहतो तिथे दुसरा माणूस नसावा हाच तर माझा लोभ आहे. इम्पल्स १३४ किलोंची. एकट्याने, दम खात का होईना, उभी करता येते. जुनी गाडी निवडताना लोक तिचा जोर विचारतात. मी म्हणेन आधी तिचं ओझं विचारावं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी अंगणात धुऊन पुसून उभी होती. मालक प्राथमिक शाळेत शिक्षक. डोंगरातल्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेत त्यांची बरीच वर्षं गेली, तिथला रस्ता कच्चा, आणि पावसाळ्यात दुसरी कुठली गाडी तिथवर पोचत नसे. आता बदली होऊन ते गावाजवळ आले आहेत, घरात लहान मूल आहे, आणि ही उंच गाडी त्यांच्या बायकोला चालवता येत नाही. विकण्याचं कारण इतकं साधं आणि खरं होतं की ऐकता ऐकताच माझ्या मनाने अर्धा सौदा करून टाकला. आतून घनसाळ तांदळाच्या भाताचा सुवास येत होता. गुरुजी म्हणाले, "सर, आधी जेवून घ्या, मग बघा. आणि तुम्हाला थांबायला नको म्हणून मी सकाळीच गाडी गरम करून ठेवलीय." पाहुणचारच होता तो. पण गरम इंजिन गोड बोलतं. त्याचं खरं ऐकायचं तर ते रात्रभर निवलेलं हवं. मी जेवलो, गाडीवरून हात फिरवला, आणि पुन्हा येतो म्हणून निघालो.

मधल्या दिवसांत मी आमच्या मिस्त्रींकडे गेलो. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं गॅरेज आहे. आजूबाजूला लेथ, ड्रिल, वेल्डिंगच्या ठिणग्या, लोखंडाच्या किसाचा वास. गाडीचं नाव ऐकून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "इंजिनाची काळजी करू नका," ते म्हणाले. "हंकचं न् सीबीझेडचं तेच इंजिन हाय. पिस्टन, क्लचप्लेटा, टायमिंग चेन, सगळं मिळतंय. पर पुढचं शॉकअप बघून घ्या. त्या लांबीचं दुसऱ्या कुठल्या गाडीचं बसत न्हाई." मग जरा थांबून, "बुश बिश लागलं तर आपन हितं लेथवर करून घेऊ. प्लास्टिक मातुर लेथवर हुत न्हाई."

त्या चार वाक्यांत जुन्या, बंद झालेल्या गाडीचं सगळं शास्त्र आलं. इंजिनाला लोक भितात, पण इंजिन दहा गाड्यांत एकच असतं; ते उघडता येतं, बांधता येतं. जे त्या एकाच गाडीसाठी घडवलं गेलं, तेच आधी दुर्मीळ होतं: तिचे लांब शॉकअप, तिची टाकी, तिचे काउल, तिचं ते उंच मडगार्ड. पुढच्या १९ इंची चाकाचा टायरसुद्धा प्रत्येक दुकानात नसतो, मागवून ठेवावा लागतो. म्हणून अशी गाडी पाहताना डोळा इंजिनावरून काढून तिच्या अंगावर ठेवावा लागतो.

मी दुसऱ्यांदा गेलो ते पहाटे निघून, धुकं उठायच्या आत. गुरुजींना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. इंजिनाच्या पोटाला हात लावला, दगडासारखं गार. चोक ओढला. इंजिन चालू झालं, आणि झाल्या झाल्या एक बारीक खडखड ऐकू आली, म्हातारं माणूस सकाळी उठताना गुडघे मोडतं तशी. मग तेल वर चढलं आणि ती खडखड आवाजात बुडून गेली. ती राहिली असती तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर, दोन्हींचा खर्च धरावा लागला असता. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. निळा धूर नव्हता. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितंय, रिंगा गेल्यात किंवा वाल्व्हचं सील. मामाच्या राजदूतला जो निळा धूर शोभत असे तो या गाडीत दिसला असता तर मी तिथूनच परतलो असतो.

मग मी सगळं सावकाश पाहिलं. घाई नव्हती. गुरुजी शेजारी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या मांडीवर ते लहान मूल. पुढचा ब्रेक दाबून धरून शॉकअप खाली दाबले, वर येऊ दिले, आणि नळीवर तेलाची ओलसर कडी उमटते का ते बोटाने पाहिलं. उजवीकडे उमटली, पुसटशी. ऑइल सील बदलावं लागेल. पण नळी गुळगुळीत होती, गंजाचा खड्डा नव्हता, आणि महत्त्व त्याचंच. पुढचं चाक उचलून हॅण्डल एका बोटाने वळवलं तर बरोबर मधोमध ते किंचित अडलं. बॉलरेसर गेलेले. कच्च्या रस्त्याचे इतके आघात सोसल्यावर जाणारच. मागचं चाक धरून आडवं हलवलं, स्विंगआर्मचा बुश हलला नाही. सीट काढून एअर फिल्टरच्या डब्यात पाहिलं, तिथे तळाशी वाळलेल्या चिखलाची जुनी रेघ होती, बाहेरून कितीही धुतली तरी आत राहिलेली. गाडी कधीतरी खोल पाण्यातून गेली होती आणि बाहेरही आली होती. विचारल्यावर गुरुजी हसले आणि म्हणाले, "तेव्हा मुलांची परीक्षा होती."

शेवटी आरे. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने एकेक आरा हलकेच वाजवत चाक फिरवायचं. ताठ आरा स्वच्छ वाजतो, ढिला बद्द वाजतो. त्या सकाळी त्या अंगणात, धुक्यात, त्या चाकातून निघालेले एकापाठोपाठ एक बारीक स्वर मला अजून ऐकू येतात. मधे दोन-तीन बद्द होते. मूल प्रत्येक आवाजाला मान वळवत होतं.

कागदांचं फार सांगत नाही, पण ते टाळू नये. चॅसीवरचा नंबर आरसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहिला. आरसीवर बँकेचा बोजा नव्हता, ई-चलान थकलेली नव्हती. गाडी एमएच-०९ चीच, तेव्हा दुसऱ्या आरटीओच्या एनओसीचा प्रश्न नव्हता. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या एवढंच. २०१२ ची पासिंग म्हणजे २०२७ मध्ये नोंदणीची १५ वर्षं संपतात, मग तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, तीही बसवून घ्यायची. हे सगळं किमतीत धरायचं, आणि घासाघीस करताना विकणाऱ्याला ते आपुलकीने सांगायचं.

एका गोष्टीने मात्र मला थोडं उदास केलं. टाकीचं झाकण उघडून मी वाकलो, लहानपणी मामा झाकण उघडी तेव्हा वाकायचो तसाच, आणि पेट्रोलचा तो जुना, कानशिलं गार करणारा वास आला नाही. आला तो जरा वेगळा, ओढून घेतल्यावर मागे गोडसर राहणारा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ऊस आणि धान्यापासून केलेलं. देशाला त्याचा उपयोग असेल. आमच्या भागातल्या ऊसकऱ्यालाही आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या कार्बोरेटरच्या रबरांना ते मानवत नाही: पाइप कडक होतो, सील फुगतात, टाकी आतून गंजते. अशी गाडी घेणाऱ्याने पेट्रोलचा पाइप बदलावा, कार्बोरेटर उघडून साफ करावा, आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये. ठेवायचीच झाली तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाकावं. जुन्या गाडीला चालत राहणं हेच औषध.

मग गुरुजींनी चावी माझ्या हातात दिली. "नदीपर्यंत जाऊन या," म्हणाले. हिरण्यकेशीकडे उतरणारी एक बैलगाडीवाट होती, रात्री पडलेल्या दवाने आणि कुणाच्या तरी पाटाच्या फुटलेल्या पाण्याने चिकट झालेली. सीट ८४० मिलिमीटर उंच. माझे चवडे टेकले, टाचा टेकल्या नाहीत. पहिल्या गिअरमध्ये सोडली आणि लांब शॉकअपवर ती दगडांवरून अशी गेली की दगड मला कळत होते पण लागत नव्हते. हे सांगण्यासारखं सुख आहे. साध्या मोटरसायकलवर प्रत्येक खाच कण्यातून डोक्यापर्यंत पोचते; इथे खाच पायाखाली येते, चाक तिच्यात उतरतं, वर येतं, आणि आपण त्याच उंचीवर पुढे जात राहतो. पाटाचं पाणी आलं. चाकाने चिखल उडवला. बेंडपाईपवर चर्र झालं.

आला.

मी गाडी थांबवली, बंद केली. त्या क्षणी मी कुठे होतो ते मला सांगता येणार नाही. माझ्या पायांखाली आजऱ्याची माती होती आणि गुडघ्यांत राजापूरची. शेजारच्या शेतात कुणीतरी बैलांना हाक घालत होतं. गळ्याशी दाटून आलं ते दुःख नव्हतं. एवढंच वाटलं, की इतकी वर्षं हा वास जगात असाच होता, रोज कुठे ना कुठे कुणाच्या तरी गाडीवर चिखल भाजत होता, आणि मीच तिथे नव्हतो.

घरी आल्यावर रात्री मामाला फोन केला. तो आता थकला आहे, पडवीत बसून असतो, पण आवाज तोच. गाडीचं सगळं सांगितलं, सीसी, उंची, शॉकअप. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पाय टेकतात का रे?"

"चवडे टेकतात, मामा."

"मग व्हाळात खाली उतरून चालव. बसून नको. थर्मास हॅण्डलला असायचा म्हणून मी नेहमी उतरायचो."

मला ते आठवत नव्हतं. मी टाकीवर बसलेला असे आणि मामा पाण्यात उतरून, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला करून, अर्धा क्लच सोडत गाडीला बरोबर चालवत नेत असे. म्हणूनच तो वास मला इतका निवांत मिळाला होता. ती गाडी तेव्हा चालण्याच्याच वेगाने जात होती. मग मामा म्हणाला, "पण बाबू, वाडीवर आता डांबर आलंय. रिक्षासुद्धा येते. कशाला हवी तुला ती उंच गाडी?"

हाच प्रश्न आहे. खरा प्रश्न हाच. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक वाडी डांबराला जोडली गेली. याचं दुःख मी करणार नाही. मामाची लस आता थंडच्या थंड पोचते, अडलेली बाळंतीण वेळेत राजापूरला नेता येते; ज्या रस्त्यावर माझी आठवण आहे त्या रस्त्यावर माणसं मेलीही आहेत. डांबर हवंच होतं. पण मग रस्त्यावर आणि रानात दोन्हीकडे चालणारी गाडी घेऊन माणसाने जायचं कुठे?

मी नकाशा काढून बसलो. कोल्हापूरहून मलकापूर, मग अणुस्कुऱ्याचा घाट उतरून पाचल, तिथून राजापूर: सगळा रस्ता चांगला. पण पाचलच्या आधी-नंतर डावी-उजवीकडे अजून कितीतरी पाणंदी आहेत, नदीकाठच्या वाटा आहेत, आंब्याच्या बागांतून चिरेखाणींकडे गेलेले ट्रॅक्टरचे माग आहेत. पुढे कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला तो प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं. तिथवर जायला गाडी हवी, पण सड्यावर ती घालायची नाही, हे इथेच सांगतो. श्रावण-भाद्रपदात त्या कातळावर बोटभर मातीत जी फुलं येतात ती एका चाकाने कायमची जातात, आणि कोरलेली रेघ एकदा झिजली की पुन्हा कोरणारा हात नाही. गाडी वाटेच्या कडेला उभी करायची आणि पायी जायचं. अशा गाडीचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो: डांबर संपतं तिथून पायवाट सुरू होते तिथपर्यंतचा मधला पट्टा. तो पट्टा दरवर्षी आखूड होतो आहे. अजून आहे.

मामाला मी एवढंच म्हणालो, "दिवाळीला ती घेऊन येतो." तो म्हणाला, "ये. खालच्या व्हाळाकडची वाट अजून कच्चीच आहे."

तर माझ्यापुरता निकाल झाला आहे: गाडी घ्यायची. बॉलरेसर, ऑइल सील, पेट्रोलचा पाइप आणि ढिले आरे यांचा खर्च गुरुजींनी किमतीतून कमी करून दिला आहे, विसार दिला आहे, मिस्त्रींनी १९ इंची टायर मागवून ठेवला आहे. ज्याच्या घरापासून सकाळभराच्या अंतरावर कच्ची वाट नाही, ज्याच्या ओळखीचा मिस्त्री नाही, आणि ज्याला किमतीच्या निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नाही, त्याने अशी जुनी गाडी घेऊ नये. तो तिला अंगणात उभी ठेवील आणि ती उभ्या उभ्याच मरेल. बाकीच्यांनी जरूर घ्यावी. आणि पाहायला जाल तेव्हा एक करा. आदल्या रात्री विकणाऱ्याला फोन करून सांगा, की मी सकाळी लवकर येतोय, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि धुऊ तर मुळीच नका.